पाहिलं तेवढंच

सुकलालभाऊ शेवटचं काहीतरी माझ्याशी बोलला, आणि ते मला पुरतं दिसलं नाही. 'ऐकू आलं नाही' असं मी म्हणत नाही, कारण गळ्याचं ऑपरेशन होऊन नळी बसल्यापासून त्याचा आवाज गेलेलाच होता. तो नुसत्या ओठांनी बोलायचा. सरकारी दवाखान्यातल्या लांब व्हरांड्यातून त्याला स्ट्रेचरवर घालून आत नेत होते. इंदूवहिनी, म्हणजे त्याची बायको, औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होती, मुलगा कडोदऱ्याला कामावर गेलेला, आणि स्ट्रेचरच्या बाजूनं चालायला मी एकटा. वळणावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. सुरुवात मला दिसली. तेवढ्यात वॉर्डबॉय मध्ये आला, स्ट्रेचर वळलं... पुन्हा त्याचं तोंड दिसलं तेव्हा शेवटचा एक तुकडा तेवढा उरला होता. मग दार लागलं. त्या दारातून सुकलालभाऊ जिवंत बाहेर आला नाही.

रडणं जरा ओसरल्यावर वहिनीनं पहिली गोष्ट विचारली ती हीच. "भाऊजी, तुम्ही सोबत होतात ना? काय म्हणाले शेवटचं?" मी म्हटलं, "सांगतो." दहाव्याला तिनं पुन्हा विचारलं, तेव्हाही मी "सांगतो" म्हटलं. तेराव्याला तिनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. आता दीडेक महिना होत आला. एखादं साधं वाक्य बाईला सांगून टाकायला माणसाला इतका वेळ का लागावा, हे कळायचं तर सुकलालभाऊ काय माणूस होता ते आधी सांगायला हवं.

तो आमच्याच बाजूचा, खानदेशातला. माझ्या वडिलांच्या मागोमाग सुरतेत आला आणि आमच्याच गल्लीत, डिंडोलीला राहिला. सुरतेत मागांच्या शेडला 'खातं' म्हणतात. मी कळता झालो तेव्हापासून तो खात्यात मागावर, आणि बारावीनंतर त्याच्या शेजारच्या मागांवर मी. मागांचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. पत्र्याचं छप्पर, वाऱ्यानं सूत उडतं म्हणून बंद ठेवलेल्या खिडक्या, आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत ते खटाखट. दाराला कुलूप कधी नसायचं. पण पाठ वळली की मागे सुताची तार तुटणार, माग थांबणार आणि मुकादमाच्या शिव्या बसणार, त्यामुळे उघडं दारही बंद असल्यासारखंच. आम्ही त्या दारातून दिसणारा रस्त्याचा तुकडा बघत बघत वर्षं काढली.

अशा ठिकाणी आवाज काढून बोलणं फुकट. म्हणून खात्यातली माणसं ओठांनी बोलतात. शब्द ओठांवर सावकाश, मोठा करून घडवायचा, जोडीला हाताची एखादी खूण. दुसरा तो डोळ्यांनी वाचतो. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाची आई-बहीण काढू शकतो आणि मध्ये उभ्या असलेल्या शेठला पत्ता लागत नाही. बायका बाजूच्या खोलीत सुताच्या कांड्या भरतात, त्यांनाही ही मुकी बोली येते. इंदूवहिनी लग्नानंतर बरीच वर्षं कांड्यांवर होती. दारात उभी राहून ती नवऱ्याला ओठांनी विचारायची, "संध्याकाळी काय करू?" आणि तो दोन्ही हात हवेत थापटून भाकरी दाखवायचा.

आता माझ्याबद्दल. मी बी.ए. आहे, तत्त्वज्ञान घेऊन. आमच्या सगळ्या भाऊबंदकीत पहिला. ही गोष्ट मी कुठंही सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे. तत्त्वज्ञानच का घेतलं, तर खरं उत्तर असं की रात्रपाळी सुटल्यावर सकाळच्या कॉलेजात जो तास माझ्या वेळेत बसत होता तो घेतला. वर्गात आम्ही मोजकेच. शिकवणं गुजरातीत, ते मी डोक्यात मराठीत करायचो आणि घरी आईला अहिराणीत सांगायचो. आई म्हणायची, "हाई समदं ठीक शे, पन नोकरी लागस का यान्हावर?" नाही लागली. निकाल हातात आला, गल्लीत पेढे वाटले, वडिलांनी माझा फोटो काढवून भिंतीवर लावला आणि पुढच्या सोमवारी मी दिवसपाळीला परत त्याच मागांसमोर उभा राहिलो. शेठला भारी मजा वाटली. "ए फिलॉसॉफर, तार तुट्यो, जो ने!" म्हणजे तार तुटली, बघ ना, असं तो मुद्दाम पाहुण्यांसमोर ओरडायचा. खात्यात माझं नावच 'बीए' पडलं.

हसला नाही तो सुकलालभाऊ. पहिल्याच दिवशी पाण्याच्या नळावर त्यानं विचारलं, "इतकी वर्षं तू तिथं काय शिकलास, त्यातलं एक सांग." मला राग आला होता, सगळ्यांचाच. मी म्हटलं, "तिथं उत्तरं शिकवत नाहीत, प्रश्न शिकवतात." तो म्हणाला, "मग एक प्रश्न दे. दिवसभर काय करू नाहीतर?" मी दिला. संध्याकाळी हात धुताना त्यानं उत्तर दिलं, अगदीच बाळबोध. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खात्यात शिरलो तर हा आपल्या मागांपासून ओठांनी विचारतोय, "काय लई उना रे आज?" म्हणजे, काय आणलंस आज? जसा काही मी डबा आणणार होतो.

तेव्हापासून हा रिवाजच झाला. मी सकाळी त्याला एक प्रश्न ओठांनी द्यायचो. मोठी वाक्यं त्या बोलीत बसत नाहीत, म्हणून मला रात्री पडल्या पडल्या प्रश्न छाटून लहान करावा लागायचा. पुस्तकात पानभर पसरलेली गोष्ट चार-पाच शब्दांत आली नाही तर ती मलाच कळलेली नाही, हे मला कॉलेजात नाही, तिथं समजलं. अंधारात दोरीला साप समजून घाबरलो, तर भीती खोटी होती का? माझं दुखणं तुला कळतं, की कळतंय असं वाटतं? एकदा विचारलं, या मागाचा एकेक भाग बदलत गेला, सगळेच बदलले, तर माग तोच का? संध्याकाळी तो म्हणाला, "तोच. मी त्याच्यासमोर तोच उभा आहे ना!" आणि पुष्कळ दिवसांनी, भलत्याच वेळी, भर कामात हात हलवून त्यानं मला बोलावलं आणि ओठांनी म्हणाला, "मी तरी तोच कुठंय?"

तो फार हुशार होता असं मी म्हणणार नाही. सावकाश होता. चुकीच्या गोष्टीला बैलासारखा अडून बसायचा आणि आमची भांडणंही व्हायची. शिवाय घरी तो या प्रश्नांचा फायदा घ्यायचा. वहिनी माझ्याकडे तक्रार घेऊन यायची. "भाऊजी, काय शिकवून ठेवलंय यांना? दूध संपलं म्हटलं तर विचारतात, संपलं हे तू पाहिलंस की तुला वाटतंय? पातेलं नेऊन नाकासमोर धरलं मी!"

एक प्रश्न मात्र त्याला लागला. बांधलेला माणूस मोकळा असू शकतो का? हा मी खरं तर त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठीच आणला होता. संध्याकाळी तो काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्नही मागितला नाही. आठवडाभर असं चाललं. मग एका रविवारी ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "तुझा प्रश्न आधी सोडवावा लागतो. बांधलंय कोणी, ते बघ. शेठनं मला बांधलेलं नाही, तो तर रोज म्हणतो चालता हो. मग कोणी? पोरगं, ही खोली, गावाकडं जमिनीचा तुकडा नाही ते. यातली एकपण दोरी मला सोडायची नाहीये. मग त्यांनी मला धरलंय की मी त्यांना?"

"मग तू मोकळा?" मी विचारलं.

"कसला मोकळा! उद्या सात ते सात पुन्हा तेच. पण आधी वाटायचं सगळ्या दोऱ्या शेठच्याच हातात आहेत. तसं नाही, एवढं कळलं." मग तंबाखू मळत म्हणाला, "आणि कळून बरं वाटलं असं समजू नको. जास्त घुसमट झाली."

तत्त्वज्ञान वाचून मनाला शांती मिळते असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ते लिहू शकत नाही. आम्हाला शांती मिळाली नाही. सात ते सात तसंच राहिलं. मिळालं ते वेगळं, आणि ते काय होतं हे मला प्लेगच्या साली नीट दिसलं. गल्लीत एका सकाळी बातमी फिरली की पाण्यात विष कालवलंय. माणसं घागरी रस्त्यात ओतू लागली, पोरांना काखेत मारून स्टेशनकडं पळू लागली. सुकलालभाऊ गल्लीच्या तोंडाशी उभा राहून येईल त्याला विचारत होता, "तू पाहिलंस? मग कोणी पाहिलं? त्याला बोलाव." एकानं त्याला ढकललं, एका म्हातारीनं तर शिव्याच घातल्या. पण पाणी चांगलं आहे असंही तो म्हणाला नाही हं. ते तरी त्याला कुठं माहीत होतं? त्यानं पाणी उकळलं आणि प्यायला. मागून गल्लीत ती म्हणच झाली, "माहीत नाही ना? मग उकळ!" आमच्या शिक्षणाची एवढी एकच गोष्ट गल्लीनं कधी आनंदानं स्वीकारली.

दुसऱ्या वेळी मात्र गल्लीला हसू आलं नाही. पुढच्याच वर्षी खात्यात दिलीपचा हात मागाच्या पट्ट्यात गेला. दिलीप म्हणजे सुकलालचा चुलतभाऊ, वयानं लहान, भिंतीला भिंत लागून राहणारा. उजव्या हाताची बोटं गेली. शेठची माणसं म्हणू लागली, तो पिऊन आला होता. तसं ठरलं असतं तर खातं हात झटकून मोकळं. आमच्या लोकांनी ठरवलं की सगळ्यांनी एकच सांगायचं. पट्ट्यावर झाकण नव्हतं, आणि ते दिलीपनं त्याच सकाळी मुकादमाला सांगितलं होतं, आम्ही समोर होतो, असं. दिलीप तर शपथेवर म्हणत होता की सांगितलं. सांगितलंच असणार, मलाही तसंच वाटतं. पण त्या वेळी दिलीपच्या सगळ्यात जवळ उभा होता सुकलाल, आणि सगळं त्याच्या शब्दावर येऊन थांबलं.

शेठच्या ऑफिसात बैठक बसली. एका बाजूला शेठ आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला आमच्या समाजाची चार वडीलधारी माणसं, मागे भिंतीला टेकून आम्ही. दाराबाहेर दिलीपची आई. सुकलालभाऊला विचारलं. तो उठला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "पट्ट्यावर झाकण नव्हतं. हे मी पाहिलं. दिलीप प्यायलेला होता, हे मी पाहिलेलं नाही. त्यानं मुकादमाला सांगितलं, हेही मी पाहिलेलं नाही. मी तेव्हा पाठमोरा होतो."

मग शेठच म्हणाला, "एटले तू कोनी बाजू छे?" म्हणजे तू आहेस तरी कोणाच्या बाजूचा?

"जेटलुं जोयुं एटलुं कह्युं, शेठ," सुकलाल म्हणाला. जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं.

आमचा एक म्हातारा तिथंच थुंकल्यासारखं बोलला, "सख्ख्या चुलत्याचा पोरगा रे तो तुझा." सुकलालनं मान खाली घातली आणि अहिराणीत, एकट्याशीच बोलावं तसं म्हणाला, "माले वाटस त्यानं सांगं व्हई. पन वाटणं म्हणजे दखणं नही ना, आबा." मला वाटतं त्यानं सांगितलं असेल, पण वाटणं म्हणजे पाहणं नव्हे... हा माझाच प्रश्न होता. मीच कधीतरी सकाळी ओठांनी त्याला दिला होता.

झाकणाची गोष्ट शेठला नाकारता आली नाही, कारण जो माणूस भावासाठीही जास्तीचं बोलला नाही तो झाकणाबद्दल खोटं कशाला बोलेल? दारूचा आरोप टिकला नाही. पण मुकादम सुटला, आणि दिलीपच्या पदरात पडलं ते अर्धंमुर्धं. कोणाचंच समाधान झालं नाही. शेठनं महिन्याभरात सुकलालला काढलं, आणि गल्लीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. श्रावणात आमच्याकडं कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ काढतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. त्या श्रावणात दिलीपची आई एकेक नाव घेत मुठी काढत गेली. सुकलालच्या नावाशी तिचा हात थांबला, आणि पुढच्या नावावर गेला. रात्रभर भिंतीपलीकडं गाणी चालली होती, आणि हा अलीकडं बसून ऐकत होता. जाणार कुठं? गावाकडं काही उरलं नव्हतं आणि इथं भिंत एकच. सकाळी मला म्हणाला, "माझी मूठ निघाली नाही म्हणजे मी नाही का रे? हा तू दिलेला नाही, हा माझा आहे." हसत होता. वहिनी चुलीकडं तोंड करून बसली होती, ती हसत नव्हती.

त्याला मग लांब कडोदऱ्याकडच्या एका खात्यात काम मिळालं. जाण्यायेण्यातच जीव जायचा. मला कापड मार्केटात एका दुकानात मेहताजीची, म्हणजे हिशेबनिसाची नोकरी लागली. काचेची केबिन, खिडकी नाही, दिवसभर ट्यूबलाइट. दारातून रस्त्याचा तुकडा दिसायचा तोही गेला. प्रश्न आता फक्त रविवारी. तीनेक वर्षांनी एका श्रावणात मूठ पुन्हा पडली. कोणी काही बोललं नाही, यानंही विचारलं नाही, जाऊन पंगतीत बसला.

लोक मला तोंडावर म्हणतात, तू त्याच्या डोक्यात किडा सोडलास, साधा माणूस होता, चारचौघांसारखं बोलला असता तर सुखानं राहिला असता. मला हे मान्य नाही. त्याला तोटा झाला, हे मी पाहिलंय. पण तो बिघडला असं कोणी म्हणू नये. चारचौघांसारखं बोलूनही माणसं त्याच खात्यात, त्याच गल्लीत अडकलेलीच होती. फरक एवढाच की त्याला ज्या खोलीत कोंडलं त्या खोलीत त्यानं काही खोटं आणून ठेवलं नाही. आणि तत्त्वज्ञान शिकून काय उपयोग असं मला विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. दार उघडत नाही. पण आत काय आहे आणि काय नुसतं वाटतंय, ते वेगळं करता येतं. कमी आहे? असेल. मला पुरलं.

मग गळ्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, आवाज गेला. मुलाला वाटलं, बाबा संपले आता. डॉक्टर पाटी-पेन्सिल द्या म्हणाले, त्याला धड लिहिता कुठं येत होतं? तर पहिल्याच दिवशी यानं खाटेवरून वहिनीकडं पाहून ओठांनी मागितलं, "पाणी." आणि ती उठली. सगळं आयुष्य ज्या बोलीनं खात्यात काढलं ती बोली घरात आली. मुलाला ती येत नव्हती, सुनेला नव्हती. वहिनीला यायची आणि मला. शेवटचे ते महिने त्या खोलीत भांडणंसुद्धा मुकी व्हायची. हा खाटेवरून ओठांनी कुरकुरायचा, ती चुलीपासून मोठ्यानं उत्तरं द्यायची, आणि शेजारपाजाऱ्यांना वाटायचं बाई एकटीच बडबडतेय. मी रविवारी उंबऱ्यात पाऊल टाकलं की ओठ हलायचे, "काय लई उना रे आज?" मी काहीतरी नेलेलं असायचंच. शेवटी शेवटी त्याला विचार करायलाही दम लागायचा. तो नुसता प्रश्न घ्यायचा आणि डोळे मिटायचा.

म्हणून मी अडकलो. त्या व्हरांड्यात सुरुवातीचे त्याचे ओठ जसे हलले, ते मला ओळखीचे वाटले. पण ते नेहमीचं वाक्य होतं असं म्हणावं, तर शेवट तसा नव्हता. शेवटाचा तुकडा काही वेगळाच होता आणि मधलं मला दिसलंच नाही. वहिनीला काय हवं होतं ते मला कळत होतं. सगळा संसार त्या एका खोलीत काढलेल्या बाईला वाटणारच की जाताना त्यानं तिचं नाव घ्यावं.

दोन आठवड्यांपूर्वी दिलीपनं मला ओट्यावर गाठलं. कधी नव्हे ते स्वतःहून जवळ बसला. म्हणाला, "सांगून टाक ना तिला. इंदूला सांभाळ म्हणाला, असं सांग. काय बिघडतं?"

मी म्हटलं, "मला तसं दिसलं नाही."

"दिसलं नाही! तू पण तेच." त्यानं तो बोटं नसलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "माझ्यासाठी तो एक वाक्य जास्तीचं बोलला नाही. मी काय मेलो नाही त्यानं. पण ती रोज मरतेय, बीए. तिच्यासाठी तू बोल."

घरी आलो, बायकोला विचारलं. तीही म्हणाली, सांगा. आई असती तर तिनंही हेच म्हटलं असतं. सगळे एका बाजूला, आणि सगळे भल्यासाठीच सांगणारे. त्या बैठकीत टोपी हातात घेऊन तो कसा उभा राहिला असेल, ते मला तेव्हा कळलं. मागे भिंत, दाराबाहेर बाई.

गेल्या रविवारी दुपारी गेलो. खाट अजून तिथंच आहे, वर गादी गुंडाळून ठेवलेली. वहिनी तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून तिनं पदर सारखा केला. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, "वहिनी, मला पुरतं दिसलं नाही. सुरुवात दिसली, शेवट दिसला. मधे वॉर्डबॉय आला. ते काय होतं हे मला माहीत नाही. मला काय वाटलं ते सांगू शकतो, पण ते मला वाटलेलं आहे, त्यांनी म्हटलेलं नाही."

ती रडेल, नाहीतर जा म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं गादीकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं ते नका सांगू. जसं दिसलं तसं दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ओठ जसे हलले तसे हलवा. राहिलेलं तसंच राहू द्या. इतके महिने मीच वाचत होते ना त्यांना?"

हे मला सुचलं नव्हतं. मी बी.ए. आहे, पण हे मला सुचलं नव्हतं. मी खाली बसलो. स्ट्रेचरवर त्याची मान जशी कलली होती तशी माझी कलली की नाही, कोण जाणे. आवाज न काढता, सावकाश, सुरुवातीचं जेवढं दिसलं तेवढं ओठांवर आणलं. मग थांबलो, जेवढा वेळ वॉर्डबॉय मध्ये होता अंदाजे तेवढा... आणि शेवटचा तुकडा केला. तिनं बोट वर करून खूण केली, पुन्हा. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना ती माझ्या डोळ्यांकडं बघतच नव्हती. खात्यात बघतात तशी फक्त तोंडाकडं बघत होती, आणि माझ्या जागी मी उरलो नव्हतो.

मग तिनं पदर तोंडावर धरला. खांदे हलले. हसली की रडली, ते पदराआड होतं.

"कळलं," ती म्हणाली.

काय कळलं, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. ते माझ्यासाठी होतं की तिच्यासाठी होतं, हे आता तिलाच ठाऊक, आणि तिला ठाऊक आहे की नुसतं वाटतंय, हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता, तो मी गिळला. काही प्रश्न तसे ठेवायचे असतात, हे पुस्तकात नव्हतं. तिनं चहा टाकला. आम्ही दोघं प्यायलो. भिंतीपलीकडून दिलीपच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता.

निघालो. समोरच्या घरात आता खाली मागच बसवलेत, त्यामुळे गल्लीत पाऊल टाकलं की बोलणं बुडतं. वळणापाशी पोचलो आणि का कोण जाणे, मागे पाहिलं. वहिनी दारात उभी होती, जशी खात्याच्या दारात उभी राहायची तशी. तिनं ओठ हलवले. हे मात्र मला पुरतं दिसलं, सुरुवात, मधलं आणि शेवट, सगळं.

"काय लई उना रे आज?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काही नेलं नव्हतं. मी दोन्ही हात उघडे करून दाखवले, आणि ओठांनी म्हटलं, "पुढच्या रविवारी."

ती हसली असं मला वाटलं. पाहिलं म्हणत नाही. ऊन समोरून होतं.